गिटारच्या तारा: साध्या की कोटेड, दहाचा सेट की बाराचा, आणि बदलायच्या कधी?

"भाऊ, तार तुटली नाई त बदलाची कायले?" तालुक्याच्या गावात गिटार वाजवणाऱ्या पोट्ट्यांचा हा हमखास प्रश्न. तो चुकीचाही नाही. तबल्याची पुडी आपण फाटेपर्यंत वापरतो, पेटीचे सूर तर वर्षानुवर्षं तेच. पण गिटारची तार तुटण्याच्या बऱ्याच आधी कामातून जाते. जाड तारांवर जो बारीक ब्राँझचा वेढा असतो, त्याच्या फटीत घाम, मळ आणि बोटांची कातडी साचत जाते. वरून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, दाबली जाते तिथे तार झिजते. मग तिची जाडी आणि वजन सगळीकडे सारखं राहत नाही. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, मोकळ्या तारा सुरात असतात, आणि पाचव्या फ्रेटवर कॉर्ड धरला की भेसूर.

तार गेली की नाही, हे बघायला दोन गोष्टी पुरतात. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या डोक्यावर, तारेच्या खालच्या अंगानं नख फिरवा. खाच लागली तर तार झिजली. दुसरं, बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा बारीक सूर, काढा आणि मग तिथेच तार दाबून वाजवा. नवी तार असताना दोन्ही सूर जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर दोष गिटारचा नाही. रंग काळपटणं आणि आवाज बद्द होणं ही खूण सगळ्यांना माहीत असते, पण कान त्या बद्द आवाजाला हळूहळू सरावतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये.

ढोबळ हिशेब जगभर एकच सांगतात: तीन महिने किंवा 100 तास वाजवणं, जे आधी होईल ते. रोज तासभर वाजवणाऱ्याला दोन्ही आकडे जवळपास जुळतात. आपल्याकडे मात्र महिना कोणता आहे, हे आधी विचारावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की तारेवर गंज धरायला ओलच उरत नाही. त्या दिवसांत त्रास तारेला नाही, लाकडाला होतो. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या खूप खाली गेलं की वरची फळी आकसते, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात, कधी तडाही जातो. त्यात खोलीतला कूलर. तो चालू असेपर्यंत हवा दमट, लाइट गेली की पुन्हा भट्टी. गिटार कूलरच्या झोतात भिंतीला टांगलेली असेल तर आज खाली उतरवा आणि गिटारच्या केसमध्ये ठेवा. तारा नंतर बघू.

ऑगस्टमध्ये उलटं. शेतात सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, घराच्या भिंती ओलसर, आणि तीच तार पंधरवड्यात तांबूस ठिपके दाखवू लागते. आधी पहिल्या दोन बारीक, बिनवेढ्याच्या तारांवर, कारण त्या नुसत्या पोलादाच्या असतात, वर कल्हईचा पातळ थर तेवढा.

म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्या तारा उतरवून उजेडात बघा. त्या गंजल्या, घामानं मळल्या, की तुटल्या? कुठला सेट घ्यायचा हे त्यावरून ठरतं.

ॲकूस्टिक गिटारला आपल्याकडे मिळणाऱ्या तारा मुख्यतः तीन जातींच्या. पहिली 80/20 ब्राँझ. वेढ्यात 80 टक्के तांबं, 20 टक्के जस्त. म्हणजे खरं तर ते पितळच, पण पाकिटावर ब्राँझ लिहिण्याची रीत पडली आहे. नवी असताना खणखणीत, उजळ वाजते. मात्र ही चमक सगळ्यात लवकर उतरते, आणि घामट हात तर तिचा वैरीच. दुसरी फॉस्फर ब्राँझ. तांब्यात साधारण आठ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीनं 1974 मध्ये ही बाजारात आणली ती मुळात टिकण्यासाठी. आवाज थोडा भरीव, ऊबदार. गायकाच्या मागे वाजवायला मला हीच बरी वाटते. तिसरी कोटेड. हिच्यात धातू वरच्यापैकीच एखादा असतो, फक्त त्यावर प्लास्टिकसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवलेला. ही कल्पना 1990 च्या दशकात गाजवली एलिक्सरनं, जी रेनकोटचं गोअर-टेक्स कापड बनवणाऱ्या गोअर कंपनीचीच. वेढ्याच्या फटीत घाम-मळ शिरत नाही, ओल लागत नाही. काहींना ती बोटाला गुळगुळीत, निसरडी वाटते, आणि पहिल्या दिवसाची ती झणझणी जरा कमी. मला तो फरक माईकवर ऐकू येत नाही.

आता पैशाचं. भाव दुकानागणिक हलतात, पण साधारण असं धरा: बिननावाचा सेट दोन-अडीचशे, नामांकित कंपनीचा साधा ब्राँझ सेट पाचशे ते आठशे, कोटेड दीड हजाराच्या आसपास. म्हणजे कोटेड सेट साध्याच्या दुप्पट-अडीचपट टिकला तरच पैसे वसूल. तारा गंजून किंवा मळून जात असतील तर तो तेवढा टिकतो. ज्याची गिटार आठवड्यातून दोनदा निघते, जो गावापासून साठ-सत्तर किलोमीटरवर गेल्याशिवाय चांगला सेट आणू शकत नाही, त्यानं पावसाळ्याच्या तोंडावर डोळे मिटून कोटेड घ्यावा. ज्याच्या हाताला भयंकर घाम येतो त्यानंही.

पण गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो दणादण स्ट्रमिंग करतो, त्याच्या तारा जुन्या व्हायच्या आधीच तुटतात. कोटिंगनं तार तुटायची थांबत नाही. तिथे दीड हजार घालवणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यानं फॉस्फर ब्राँझचे दोन साधे सेट घ्यावेत, सोबत पहिल्या तारेचे सुटे दोन-तीन नग. आणि तार दर वेळी एकाच जागी, समजा घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), तुटत असेल तर दोष तारेचा नाही. तिथली धार बारीक पॉलिश पेपरनं हलकेच मोडा.

सुट्या तारेवरून आठवलं. तालुक्याच्या दुकानात एकेक तार कागदी पुडीत मिळते, जाडी लिहिलेली नसते, आणि पुडीतच ती अर्धी गंजलेली असते. पहिली-दुसरी तार सुटी बदलली तर चालून जातं. वेढ्याची एकच तार नवी टाकली की ती एकटीच ओरडते. तिथे सगळा सेटच बदलावा.

जाडीचा प्रश्न थोडक्यात. दहाचा सेट म्हणजे पहिली तार 0.010 इंचाची. मग अकराचा, बाराचा. सूर लावल्यावर बाराचा सेट गिटारच्या मानेवर 70 किलोच्या वर ताण देतो, दहाचा 60 च्या आसपास. शिकाऊ मुलाला, आणि स्वस्तातल्या गिटारला, दहाच बरा: बोटं सोलत नाहीत, ब्रिज, म्हणजे तारा अडकवायचा फळीवरचा लाकडी तुकडा, उखडायची भीती कमी. खंजिरी भजनाच्या मंडळात माईकशिवाय ऐकू जायचं असेल तर बारा लागतो, पण मान सरळ आहे आणि ट्रस रॉड (मानेच्या आतली, वाक काढायची सळई) चालतो, याची खात्री करूनच.

पेटीसोबत वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त बघावी. गायक काळी एकमध्ये (सी शार्प) गाणार असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून सी चे कॉर्ड धरले की काम झालं, कुठलाही सेट चालतो. पण काही जण कॅपो न लावता सगळ्या तारा अर्धा सूर उतरवतात आणि डी चे कॉर्ड धरतात. उतरवलेला दहाचा सेट ढिला पडतो, फ्रेटवर खरखरतो, जोरात मारलं की सूरही वर चढतो. अशांनी अकरा घ्यावा. खरं सांगायचं तर ज्याला ठरवताच येत नाही त्याच्यासाठीही माझं उत्तर तेच: अकराचा फॉस्फर ब्राँझ.

खरेदी नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावतीत होत असेल तर उत्तम, हातात घेऊन बघता येतं. ऑनलाइन नकली माल येतो. डॅडारिओच्या तारांच्या टोकाचे मणी वेगवेगळ्या रंगाचे असतात: पहिलीचा रुपेरी, मग जांभळा, हिरवा, काळा, लाल आणि सहावीचा पितळी. पाकिटात कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा कोडही असतो. नकल करणारे मणीही रंगवतात, म्हणून कोड तपासाच. आतलं पाकीट हवाबंद असतं, ते तार लावायच्या दिवशीच फोडा.

आणि गिटार नायलॉनच्या तारांची, म्हणजे क्लासिकल असेल, तर वरचा एकही सेट तिला लावू नका. पोलादाचा ताण तिच्या ब्रिजला झेपत नाही, फळीसकट वर येतो. तिला नायलॉनचाच सेट, नॉर्मल टेन्शन लिहिलेला.