आरोपाआधीची तयारी: खुला हिशेब की वकिलाची नोटीस?
गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारावर निवडणुकीच्या तोंडावर पैसे खाल्ल्याचा आरोप होण्याची शक्यता असते, तेव्हा आधीच दोन मार्ग उपलब्ध असतात. पावत्या, निविदा आणि बँकेचे उतारे दरमहा सूचनाफलकावर लावण्यास चिकाटी लागते, शिवाय काही सभासद त्यातूनही खुसपटे काढतातच. परंतु शंका कुजबुजीतच विरते आणि पुढे आरोप झालाच, तर त्याला उत्तर द्यायला इतर सभासद पुढे येण्याची शक्यता वाढते. दुसरा मार्ग वकिलामार्फत इशारा देऊन ठेवण्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला २ वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते खरी, पण सद्भावनेने केलेल्या टीकेला तेथे अपवाद आहेत, आणि काहीही घडण्याआधी धाडलेली नोटीस, माझ्या मते, संशयालाच खतपाणी घालते. कागद दाखवूनही जाणूनबुजून खोटे पसरवत राहणाऱ्यासाठी ती राखून ठेवणे अधिक योग्य.