ग्रान टुरिस्मो ७ : ब्रेक शिकवणारा गेम अजून हाच

साताऱ्यात मी गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर मी, माझ्या पायाशी जादा क्लच-ब्रेक, आणि उजवीकडे आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलेलं कुणीतरी. त्यामुळे रेसिंग गेममध्ये गाड्यांची चमक मला दुसऱ्या नंबरची. ब्रेक लावल्यावर गाडी कशी वागते, हे मी आधी बघते. लेकाच्या पीएस ५ वर, म्हणजे सोनीच्या गेमच्या मशिनवर, मी 'ग्रान टुरिस्मो ७' खेळते ती त्यासाठीच. एप्रिल २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५' हा दुसरा रेसिंग गेम त्याच मशिनवर आला, तेव्हापासून दोन्ही गेम एकाच टीव्हीवर शेजारी शेजारी बघता येतात. लेकाचे मित्र म्हणतात, काकू, ग्रान टुरिस्मो आता म्हातारा झाला, होरायझनपुढे टिकत नाही. मला हे अर्धं पटतं. जे पटत नाही ते आधी सांगते.

काझुनोरी यामाउची यांनी उभी केलेली ही मालिका डिसेंबर १९९७ मध्ये जपानात सुरू झाली, आणि पहिल्या भागापासून तिच्यात लायसन काढावं लागतं. मार्च २०२२ च्या या सातव्या भागात सुरुवातीपासून पाच लायसन आहेत: नॅशनल बी, नॅशनल ए, इंटरनॅशनल बी, इंटरनॅशनल ए आणि सुपर. प्रत्येकात दहा टेस्ट. अगदी पहिली टेस्ट काय, तर गाडी सोडायची, वेग घ्यायचा आणि आखून दिलेल्या पट्ट्यात थांबवायची. बस्स. हे बघून मला मनापासून बरं वाटलं, कारण मीसुद्धा पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात हेच करून घेते. थांबवता येत नाही त्याला पळवायला शिकवून उपयोग काय?

पुढच्या टेस्ट वळणांच्या, आणि खरी गंमत तिथे आहे. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. त्याच क्षणी स्टिअरिंग जोरात फिरवलं तर पुढच्या टायरना थांबणं आणि वळणं ही दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत, आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. यवतेश्वरच्या घाटात गेलं की मी प्रत्येकाला हेच सांगत असते: ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना, वळणात फक्त गाडी सांभाळ. ऐकून सगळे मान डोलावतात आणि उतरताना वळणाच्या पोटातच ब्रेक दाबतात. गेममध्ये तसं केलं की गाडी थेट बाहेरच्या मातीत जाते आणि टेस्ट नापास. पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच वेग. पीएस ५ च्या कंट्रोलरवर ब्रेकचं बटण बोटाखाली कडक होतं आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) लागला की थरथरतं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला मी या टेस्ट खेळायला बसवलं. घाटात तोंडी सांगून जे तिच्या पायात उतरत नव्हतं, ते इथे उतरलं. क्लच, आरसे, रस्त्यात आडवी येणारी माणसं यातलं काहीही गेम शिकवत नाही, हेही सांगून ठेवते. ब्रेक आणि वजन मात्र शिकवतो.

होरायझनमध्ये चुकलं की बटण दाबायचं आणि वेळ मागे घ्यायची. वळण हुकलं, मागे. झाडावर आदळलो, मागे. मजेसाठी बसलेल्या माणसाला ते हवंच असतं, त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण चूक पुसता आली की ती लक्षात राहत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. होरायझन घडतो मेक्सिकोत, तिथली रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने. ग्रान टुरिस्मोत सुरुवातीला तीन साध्या गाड्यांतून एक घ्यायची असते: टोयोटा अ‍ॅक्वा, माझदा डेमिओ किंवा होंडा फिट. फिट म्हणजे आपल्याकडची जॅझ. तिचं स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच. आतून दिसणाऱ्या कॅमेऱ्याने खेळलं की गाडीची डावी बाजू किती लांब आहे याचा अंदाज येतो, आणि नवशिक्यांचं निम्मं घोडं तिथेच अडतं.

पाऊस तर यांनी फारच मनावर घेतला आहे. ट्रॅकवर पाणी साचतं, आणि पाऊस थांबला की गाड्या ज्या पट्ट्यातून जातात तेवढाच आधी वाळतो. जुलैत कासच्या रस्त्याने गाडी नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जर्मनीच्या नुरबर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा जुना ट्रॅक, म्हणजे सातारा ते कास या अंतराहून थोडाच कमी, तो पावसात एकदा पुरा केला की हात खरंच दुखतात.

आता जिथे पोरांचं बरोबर आहे ते. शर्यती. एकट्याने खेळायच्या बहुतेक शर्यतींत आपल्याला शेवटी सोडतात, पहिली गाडी आधीच कितीतरी पुढे गेलेली असते, आणि आपण तीन-चार फेऱ्यांत एकेकाला मागे टाकत जायचं. पुढच्या गाड्या ठरल्या रेषेवरून चालतात, वळणात गरजेपेक्षा हळू. ही शर्यत नव्हे, हा नुसता पाठलाग. सोनीने 'सोफी' नावाचा संगणकी चालक बनवला आहे. तो खरोखर लढतो, आतली बाजू धरतो, जागाही देतो. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायमचा आला तो फक्त पीएस ५ वर आणि मोजक्याच ट्रॅकवर. तो सगळीकडे असता तर तुलनेचा प्रश्नच उरला नसता. होरायझनमध्ये शर्यत कच्च्या रस्त्यावरून शेतात आणि शेतातून डांबरावर जाते, प्रत्येक शर्यत वेगळी वाटते. तिथे ग्रान टुरिस्मो मागे आहे, आणि बराच मागे आहे.

पैशांचंही तसंच. इथल्या काही जुन्या नामांकित गाड्या दोन कोटी क्रेडिटच्या (गेममधल्या पैशांच्या) घरात जातात. गेम आल्यावर त्याच महिन्यात शर्यतींची बक्षिसं कमी केली, वर सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिला. ओरड झाल्यावर यामाउचींनी माफी मागितली, दहा लाख क्रेडिट वाटले आणि पुढे बक्षिसं वाढवली. होरायझन गाड्यांच्या बाबतीत सढळ आहे, शाळकरी मुलांना तो जवळचा वाटणारच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते इंटरनेट. एकट्याने लायसन टेस्ट द्यायची तरी नेट चालू लागतं. मुसळधार पावसात आमच्याकडे नेट जातं, आणि घरात बसून गेम खेळायचे दिवसही तेच असतात.

मुलांना गाड्या उधळत हिंडायचं असेल तर त्यांना होरायझन द्या, खुशाल द्या. घरात कुणी अठराचं होऊन लर्निंगला निघालं असेल तर ग्रान टुरिस्मो ७ घ्या. सुरुवातीला ब्रेक कुठे लावायचा ते दाखवणारी खूण चालू ठेवा, नॅशनल ए झालं की ती बंद करा, एबीएस मात्र राहू द्या. महागड्या गाड्यांच्या मागे लागू नका. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट घ्या आणि तिच्यावर सगळी वळणं पक्की करा. पुढचा भाग काढताना यामाउचींनी फक्त लायसनचा विभाग जरी बिननेटचा केला, तरी मी तो पहिल्या दिवशी घेईन.