फोंड्याच्या भिंतीवर टू ग्रे हिल्स: एका नावाहो गालिच्याची पारख

सुमारे दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा हा लोकरी गालिचा न्यू मेक्सिकोतील गॅलप येथील एका व्यापाऱ्याकडून साडेआठशे डॉलरना घेतला आणि फीनिक्सला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो आपल्या सामानातून फोंड्याला आणला. त्याला गालिचा म्हणण्याची रीत असली तरी त्यावर मखमली केसाळ थर नाही. वीण सतरंजीसारखी सपाट असून दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. विणणारी स्त्री नावाहो, म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील एका मूळ रहिवासी समाजाची असून तिचे नाव आणि छायाचित्र असलेले कार्ड गालिच्यासोबत आले. अशी वस्तू गोव्यात हाताळून घेण्याची सोय जवळजवळ नाही आणि आपल्या किनारपट्टीवर ‘नावाहो’ या नावाने भलतेच काही विकले जाते, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

टू ग्रे हिल्स हे चुस्का डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या व्यापारी ठाण्याचे नाव आहे आणि त्या परिसरातील विणकामाची शैलीही त्याच नावाने ओळखली जाते. मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारा, पत्त्यांतील चौकटसारखा मोठा आकार, भोवती कोपरे भरणारी भौमितिक नक्षी आणि सगळ्यांना कवेत घेणारी काळी किनार, एवढीच तिची ठळक ओळख सांगता येईल. तिचा खरा मान मात्र रंगांमुळे आहे. पांढरा, मातकट, तपकिरी, राखाडी हे सगळे रंग मेंढीच्या अंगावरचेच असतात. पांढरी आणि काळी लोकर कमीअधिक प्रमाणात एकत्र पिंजून विणकर त्यांतून हव्या तितक्या छटा काढते. फक्त काळ्याला पुष्कळदा रंगाचा हात देतात, कारण काळ्या मेंढीची लोकर उजेडात तांबूस दिसते. धनगरी घोंगडी पाहिलेल्या मराठी माणसाला बिनरंगाच्या लोकरीचे हे सौंदर्य समजावून सांगावे लागत नाही. माझ्या गालिच्यातील राखाडी रंग एकसारखा नाही. एका चौकटीत तो किंचित उबदार, तर दुसरीत थंड दिसतो. एका वेळी पिंजलेली लोकर संपली आणि दुसरी घेतली, एवढाच त्याचा अर्थ असणार. पण त्यामुळे सपाट जागेलाही जिवंतपणा आला आहे आणि मला तो दोष वाटत नाही.

नक्षीवर डोळा स्थिरावण्याआधी गालिच्याच्या कडा पाहाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. नावाहो स्त्री उभ्या मागावर विणते. तिचा ताणा, म्हणजे उभा धागा, हा दोन आडव्या दांड्यांमध्ये इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत नेलेला एकच अखंड धागा असतो, आणि तो कोठेही कापला जात नसल्यामुळे विणकाम मागावरून उतरवल्यावर गालिच्याच्या चारही कडा बंद असतात. आपल्या सतरंजीला जी झालर असते, ती कापलेल्या ताण्याच्या टोकांची असते. येथे कापलेले टोकच नसल्याने झालरही नाही. कडांना पीळ दिलेल्या लोकरी दोऱ्या विणतावेळीच गुंफलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांची टोके चारही कोपऱ्यांवर लहान गोंड्यांसारखी बाहेर येतात. अपवाद आहेतच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणीच्या सुताने विणलेल्या काही गालिच्यांना मागाहून झालर लावलेली आढळते. तरीही आजच्या बाजारात झालर दिसली की शंका घेणे हेच शहाणपणाचे आहे.

विणकाम खालून वर जाते. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा धोटा नसतो. प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरताच बोटांनी आत घालून, लाकडी फणीने ठोकून बसवला जातो. कागदावर नक्षी काढून समोर ठेवण्याचीही पारंपरिक पद्धत नाही, सगळा हिशेब डोक्यात असतो. वरच्या दांडीजवळ पोहोचता पोहोचता ताणा इतका घट्ट होतो की धागे विलग करणारी लाकडी पट्टी आत शिरेनाशी होते, मग बारीक काड्या आणि शेवटी सुई वापरून एकेक ओळ भरावी लागते. म्हणून गालिच्याची वरची दोन बोटे जागा ही विणकराच्या कसबाची परीक्षा होय. माझ्या गालिच्यात तेथे वीण किंचित सैल झाली आहे आणि वरची नक्षी खालच्या नक्षीपेक्षा केसभर आखूड आहे. टेपाने मापल्याशिवाय ते कळत नाही, पण कळते हे खरे. मधल्या भागात भिंगाखाली मोजले तेव्हा इंचाला पन्नासच्या आसपास बाण्याचे धागे भरले, जे या किमतीच्या गालिच्यासाठी चांगलेच म्हणावे लागतील. इंचाला ऐंशीहून अधिक धागे असले की संग्राहक त्याला गालिचा न म्हणता टॅपेस्ट्री म्हणतात. डेझी टॉगलची या टू ग्रे हिल्सच्या ख्यातनाम विणकर स्त्रीने त्याहून कितीतरी पुढची, शंभरापलीकडची मजल मारली होती. तिच्या विणकामाचे चित्र अमेरिकेच्या टपाल खात्याने २००४ मध्ये तिकिटावर घेतले.

गालिचा खिडकीसमोर उजेडात धरला, तेव्हा मोकळ्या राखाडी जागेत तिरक्या जाणाऱ्या पुसट रेषा दिसल्या. विणकर एका बैठकीत हात पोहोचेल तेवढा भाग वर नेते आणि मग बाजूला सरकून शेजारचा भाग भरते. त्या दोन भागांच्या सांध्याची ही खूण आहे. प्रत्येक अस्सल गालिच्यात ती असतेच असे नाही, पण यंत्रावरच्या मालात ती असण्याचे काही कारण नाही.

या पार्श्वभूमीवर हणजूणच्या बाजूला एका दुकानात पाहिलेल्या मालाविषयी लिहिणे भाग आहे. तेथे ‘अस्सल नावाहो’ म्हणून जे दाखवण्यात आले, त्याला दोन्ही टोकांना सुती झालर होती, ताणाही सुती होता, आणि त्याच मापाचे, त्याच रंगांचे तीन नग एकाखाली एक रचलेले होते. दर विचारल्यावर मिळालेले उत्तर आणि त्यानंतर आपोआप उतरत गेलेला दर पाहता विक्रेत्याचाही त्या नावावर विश्वास नसावा. मालात खोट नव्हती. उत्तर प्रदेशात विणलेल्या सतरंज्यांसारखी ती स्वच्छ, मजबूत वीण होती आणि विणणाऱ्याचा हात कसलेला होता. त्याच्याच गावाच्या नावाने ती विकली असती तर मी आनंदाने घेतली असती. पण एका कारागिराचे नाव झाकून दुसऱ्या समाजाचे नाव लावल्याने दोघांवरही अन्याय होतो. मूळ अमेरिकी कारागिरांच्या नावाने खोटा माल विकण्याविरुद्ध अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे. ‘नावाहो’ हे नाव कपड्यांवर वापरल्याबद्दल नावाहो राष्ट्राने अर्बन आउटफिटर्स या कंपनीवर २०१२ मध्ये दावा लावला होता, तो २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. तो कायदा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून गिऱ्हाइकानेच डोळे उघडे ठेवायचे.

घरी गालिचा उलगडला तेव्हा सासूबाईंचे लक्ष सर्वांत आधी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेले. तेथे काळ्या किनारीला छेदून एक बारीक फिकी रेघ थेट कडेपर्यंत जाते. “एवढे पैसे दिलेस आणि किनार तुटकी?” असे त्यांनी विचारले. ही रेघ मुद्दाम सोडलेली असते. काळ्या किनारीने सगळी नक्षी बंदिस्त झाली, तर विणताना त्यात ओतलेले मन आतच अडकून राहील आणि पुढच्या कामाला ते मोकळे मिळणार नाही, अशी समजूत त्यामागे सांगितली जाते. सगळ्याच विणकर स्त्रिया ही वाट ठेवत नाहीत, आणि सगळ्या एकच कारणही देत नाहीत. विणण्याची विद्या कोळी-स्त्री या देवतेने दिली अशी नावाहोंची श्रद्धा आहे; कॅन्यन द शे या दरीतील एक उंच सुळका तिचे निवासस्थान मानला जातो. सासूबाईंना रेघेपेक्षा ही कथा अधिक पटली, आणि मागावर बसण्यापूर्वी त्या बायका काही म्हणत असतील का, असे त्यांनी विचारले. त्या परंपरेत विणकामाची गाणी आणि प्रार्थना आहेत, एवढे मी सांगू शकले.

हे विणकाम आज हातात येते, त्यामागचा इतिहास सुखाचा नाही. मागाची विद्या शेजारच्या प्वेब्लो लोकांकडून आणि चुर्रो जातीच्या मेंढ्या स्पॅनिशांकडून नावाहोंकडे आल्या. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांचे कळप आणि शेते उद्ध्वस्त करून त्यांना बॉस्क रेडोंडोच्या छावणीपर्यंत चालवत नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतू शकले. पुढे रेल्वे आली, व्यापारी ठाणी वाढली, आणि अंगावर पांघरण्याच्या वस्त्रांऐवजी पूर्वेकडील दिवाणखान्यांसाठी गालिचे विणले जाऊ लागले. गॅनाडोचा व्यापारी लोरेन्झो हबेल याला गडद लाल आवडे, तर क्रिस्टलच्या जे. बी. मूर याने छापील सूचीपत्रांतून नक्षी घरोघरी पोहोचवली. चांगले गालिचे नावाजले गेले, पण साध्या मालाचा दर कित्येकदा वजनावर ठरे आणि विणणारीचे नाव कोणी टिपून ठेवत नसे. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली सरकारनेच मेंढ्या कमी करायला लावल्या; चुर्रो जात जवळजवळ संपत आली होती, ती सावरण्याचे काम लाइल मॅकनील या प्राध्यापकांनी १९७७ पासून हाती घेतले.

जुन्या वस्त्रांविषयी एक विषयांतर करते. त्यांतील लाल धागा बहुधा आयात केलेले लोकरी कापड उसवून काढलेला असे, आणि त्या लाल रंगात कोचिनीलबरोबर, म्हणजे अमेरिकेतील निवडुंगावरच्या किड्यांच्या रंगाबरोबर, कधीकधी लाखही सापडते. लाख हा आपल्या आशियाकडचा कीटकजन्य रंग आहे, तेव्हा तो धागा तेथवर किती हातांतून गेला असेल याचा विचार करण्यासारखा आहे.

आता गोव्यातील पावसाळ्याविषयी. येथे लोकर सांभाळणे कठीण आहे हे आधीच सांगितलेले बरे. आषाढात गालिच्याला ओल्या मेंढीचा वास आला आणि तो चतुर्थीपर्यंत पुरता गेला नाही. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर तो टांगणे चूक ठरले असते, कारण ती भिंत पाऊस पिते. मी आतल्या भिंतीवर, मागे लाकडी पट्टी ठेवून हवा खेळेल असा टांगला आहे. खिळे ठोकायचे नाहीत. वरच्या कडेला सुती पट्टी हाताने टाचून तिला वेल्क्रो लावला की वजन सारखे विभागले जाते. खरा शत्रू कसर आहे. डांबरगोळ्यांचा वास मला सोसत नाही, म्हणून दर पंधरवड्याला दोन्ही बाजू हलक्या व्हॅक्यूमने साफ करते आणि कडुलिंबाचा वाळवलेला पाला जवळ ठेवते; त्यांपैकी उपयोग साफसफाईचा अधिक, पाल्याचा कमी, असे मला वाटते. पाण्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण काळ्याला रंग दिलेला असल्यास तो पांढऱ्यात उतरतो. जमिनीवर अंथरण्याइतका हा गालिचा दणकट आहे, परंतु तांबड्या मातीचे पाय घेऊन आत येणाऱ्या घरात मी ते धाडस केले नाही.

व्यापाऱ्याच्या सेवेविषयी तक्रार नाही. पाठीमागची बाजू, चारही कोपरे आणि वरची कड यांची वेगवेगळी छायाचित्रे मागितल्यावर त्याने लगेच पाठवली आणि वरच्या टोकाला वीण सैल आहे हे न विचारता सांगितले. किंमत जास्त आहे का? लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, कातणे आणि मग विणणे हे सगळे एका हाताने झाले तर दोन फुटी गालिच्यालाही कित्येक आठवडे लागतात. त्या हिशेबाने विणणारीची मजुरी अजूनही कमीच पडते. बाजाराची दुसरी बाजूही आहे: एकोणिसाव्या शतकातील एक पट्टेदार सरदारी पांघरूण २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात अठरा लाख डॉलरना गेले, आणि ते विणणारीचे नाव कोणालाच माहीत नाही. म्हणून माझ्या लेखी सोबतच्या कार्डावरील नावाची किंमत गालिच्याइतकीच आहे. डी. वाय. बेगे आणि मेलिसा कोडी या नावाहो विणकर स्त्रियांची २०२४ मध्ये वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत स्वतंत्र प्रदर्शने झाली, तेव्हा विणणारीला नावाने ओळखण्याचा बदल तेथेही होत आहे.

माझ्याकडून या गालिच्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वरच्या सैल विणीसाठी कापला आहे. पहिलीच खरेदी करणाऱ्याने मोठ्या मापाच्या मागे न लागता लहान पण दाट विणीचा नग घ्यावा, विणणारीचे नाव लेखी मागावे, आणि कडांचे व मागच्या बाजूचे छायाचित्र देण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याला पैसे पाठवू नयेत, मग तो गॅलपचा असो वा कळंगुटचा.