क्यूट शब्दाचं मूळ शोधायचंय? एटिमऑनलाइन वापराच

इंग्रजी शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता हे बघायला फुकटातली सगळ्यात भारी साइट कोणती असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून एटिमऑनलाइनचं नाव सांगेन. पूर्ण नाव ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी. अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांनी ही एकहाती उभी केली आणि वीस वर्षांहून जास्त काळ ती चालू आहे, क्लाइन, वीकली, बार्नहार्ट, ऑक्सफर्ड असे जाडजूड कोश पालथे घालून त्यातलं सार दोन-चार ओळींत आणून ठेवलंय. जाहिराती दिसतात, पण वाचायला पैसे पडत नाहीत.

आता डिक्शनरीचा रिव्ह्यू नुसता छान आहे छान आहे म्हणून होत नाही, एखादा शब्द घेऊन बघावं लागतं, तर मी क्यूट घेतला, कारण हा शब्द आता मराठीच झालाय, बाळ क्यूट, मांजर क्यूट, ड्रेस क्यूट, कोणी लाजलं तरी क्यूट.

पान उघडलं की पहिलीच नोंद १७३१ सालची आणि अर्थ काय तर हुशार, चलाख! दिसण्याचा काही संबंधच नाही. हा मुळात अक्यूट, त्याचा पुढचा अ गळून पडला. सुरुवातीला लोक अ च्या जागी वर एक छोटा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, लावून लिहायचे, म्हणजे इथे काहीतरी गाळलंय हे दिसायचं, पुढे तोही गेला. इंग्रजीत हे बऱ्याच शब्दांचं झालंय, अलोनचा लोन झाला, अमेंडचा मेंड, एस्क्वायरचा स्क्वायर. आणि आपल्याकडे पण झालंय की, अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, सुरुवातीचा अ बिचारा बोलता बोलता गायब.

सुंदर, गोंडस हा अर्थ पानावर १८३४ चा दिलाय, तोही अमेरिकेतल्या बोलीतला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं क्यूट माणूस म्हणजे पक्का बेरकी माणूस. आणि तो जुना अर्थ अजून मेलेला नाही, अमेरिकन लोक भांडताना डोन्ट गेट क्यूट विथ मी म्हणतात ना, ते म्हणजे आपलं जास्त शहाणपणा करू नकोस. हुशारपासून गोंडसपर्यंत शब्द कसा काय गेला असं आधी वाटतं खरं, पण मराठी माणसाला यात अवघड काही नाही. रांगणारं पोर चष्मा ओढून घेतं आणि वर आपल्याकडेच बघून हसतं तेव्हा आपण काय म्हणतो, लबाड कुठला! शब्द फसवणाऱ्याचा आणि सूर सगळा लाडाचा.

मग अक्यूटवर क्लिक करायचं, आणि या साइटची खरी मजा इथे आहे, एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता येतं आणि प्रत्येक वेळी काहीतरी हाती लागतं. अक्यूट चौदाव्या शतकाच्या शेवटी आधी तापाला आणि आजारांना लावायचे, झटकन येऊन झटकन जाणारा आजार या अर्थाने, डॉक्टर अजूनही अक्यूट आणि क्रॉनिक म्हणतात ते तिथूनच. तीक्ष्ण टोकाचा, मग तीक्ष्ण बुद्धीचा हे अर्थ सोळाव्या शतकातले. भूमितीतला लघुकोन इंग्रजीत अक्यूट अँगलच. त्याच्या मागे लॅटिन अक्यूटस, म्हणजे धारदार, आणि त्याच्याही मागे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वजभाषेतला अक् असा एक धातू, त्याला पुढे चांदणी लावलेली असते. चांदणी म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी बाकीच्या भाषांवरून बांधलंय. त्या धातूच्या पानावर अ‍ॅसिड आहे, ऑक्सिजन आहे, एज म्हणजे धार आहे, आणि त्याच यादीत संस्कृतातला अश्रि, म्हणजे कोपरा, कड! चार अश्रि असलेलं ते चतुरश्र आणि त्यावरून आपलं चौरस. म्हणजे क्यूट आणि चौरस लांबचे का होईना नातेवाईक निघाले, हे कळल्यावर मी प्रत्येकाला सांगत सुटलोय.

प्रिटीची गोष्ट तर अजून मस्त. जुन्या इंग्रजीत प्रॅटिग म्हणजे कावेबाज, आणि तो ज्यावरून आला तो प्रॅट म्हणजे डाव, युक्ती. नंतर काही शतकं हा शब्द लेखी सापडतच नाही, आणि पंधराव्या शतकाच्या सुमाराला परत उगवतो तेव्हा कुशल, नीटस, छान असं करत करत सुंदरवर येऊन पोचतो. १५६० च्या दशकापासून तो बऱ्यापैकी या अर्थानेही चालू झाला, त्यामुळे प्रिटी गुड चालतं आणि प्रिटी बॅडसुद्धा. डच भाषेतला प्रेटिग याचाच भाऊबंद, तिकडे त्याचा अर्थ सुखद, मजेचा.

ग्लॅमर बघाल तर स्कॉटलंडमध्ये ग्रामरचं झालेलं रूप! शिकलेल्या माणसाकडे मंत्रतंत्राची विद्या असणार असं सामान्य लोकांना वाटायचं, त्यामुळे ग्रामरचा एक अर्थ जादूटोणा झाला आणि ग्लॅमर टाकणे म्हणजे सरळ नजरबंदी करणे. वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून तो सगळ्या इंग्रजीत पसरला, सौंदर्याशी त्याची गाठ एकोणिसाव्या शतकात पडली. हँडसम त्यामानाने साधा, हाताळायला सोपं, हाताशी असलेलं, त्यावरून बरंच, मोठं, आणि मग देखणा.

क्यूट, प्रिटी, ग्लॅमर हे तीन शब्द शेजारी ठेवले की दिसतं, बेरकीपणा, डाव, नजरबंदी, सगळे फसवणुकीच्या घरातून सौंदर्यात आलेत. मला यात फार खोल काहीतरी वाटतं, जे आपल्याला ओढून घेतं त्याच्यावर माणूस आधी संशयच घेतो बहुतेक. हे साइटवर कुठे लिहिलेलं नाही, पण तारखा समोर असल्यामुळे आपल्याला आपलं जोडता येतं, आणि मला या साइटचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दांच्या जन्मकथा फिरतात त्यात साल नसतं, मधले टप्पे नसतात. इथे असतात, आणि मूळ माहीत नसेल तर माहीत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, गॉर्जसच्या पानावर गळ्याशी असलेला संबंध कदाचित असेल असं म्हणूनच दिलाय.

कमी काय आहे ते पण सांगतो. तारीख म्हणजे शब्द जन्मला ते साल नाही, लेखी सापडला ते साल, लोक त्याच्या आधीपासून बोलत असणारच, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. शतकांची संक्षिप्त रूपं वापरलीत, त्याला जरा सरावावं लागतं. आणि प्रत्येक अर्थासाठी मूळ वाक्य मिळत नाही, ते हवं असेल तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही. १८८४ ला त्याचा पहिला भाग निघाला, १९२८ ला काम पुरं झालं, १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची. पण त्याच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, कॉलेजच्या किंवा लायब्ररीच्या लॉगिनमधून मिळत असेल तर नक्की घ्या. विक्शनरी फुकट आहे, बाकीच्या भाषांतली भावंडं तिथे जास्त सापडतात, फक्त कोणीही बदल करू शकतं म्हणून मी ती दुसऱ्या नंबरला ठेवतो.

पहिल्यांदा जात असाल तर क्यूट, अक्यूट आणि मग तो अक् धातू या क्रमाने उघडा, नंतर चार्मवर जा, तिथे लॅटिनमधलं गाणं आणि मंत्र वाट बघतायत.