संदकफूवरून परत फिरू नका, खाली गोरखेला उतरा

"गोरखेला काय बघायचंय मॅडम? संदकफू झालं की ट्रेक झालाच." एका ट्रेक कंपनीच्या माणसाने फेब्रुवारीत मला फोनवर हे सांगितलं. संदकफू म्हणजे दार्जिलिंगकडचं, भारत-नेपाळ हद्दीवरचं शिखर, आणि गोरखे म्हणजे त्याच वाटेवर पुढे खाली दरीत लागणारं छोटं गाव. चार दिवसांचं पॅकेज, वर जीपने सोडणार, तिथून खाली आणणार, आणि पैसे मात्र भरभक्कम. मी नको म्हटलं. एप्रिलच्या शेवटी मी आणि माझ्या जाऊबाई चिपळूणहून आपलं आपण निघालो, न्यू जलपायगुडीला उतरलो, शेअर जीपने मिरिक, सुखियापोखरी करत मानेभंज्यांगला पोचलो आणि तिथल्याच गाईडला घेऊन आठ दिवसांत अख्खी वाट चाललो. मी 52 वर्षांची, जाऊबाई 58 च्या, त्यांचा डावा गुडघा दुखरा. आमच्या वयाच्या आणि आमच्यासारख्या बेताने चालणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे.

आधी गाईडबद्दल. ही वाट सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि तिथे गाईडशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे हा खर्च टळत नाही, आणि टाळूही नये. आमचा गाईड चाळिशीचा, मानेभंज्यांगचाच. आम्ही त्याला दाइ, म्हणजे नेपाळीत दादा, म्हणायचो, तो आम्हा दोघींना दिदी. पहिल्या चढावर जाऊबाईंना दम लागला तेव्हा त्याने त्यांची सॅक न विचारता काढून स्वतःच्या छातीवर अडकवली आणि म्हणाला, "बिस्तारै, दिदी." हळूहळू. आठ दिवसांत हा शब्द मी शंभर वेळा ऐकला असेन, आणि एकदाही त्यात घाई लावल्याचा सूर नव्हता. रोज संध्याकाळी तो उद्याची वाट चुलीपाशी बसून समजावून सांगायचा: पाणी कुठे भरायचं, चढ किती, ढग किती वाजता येणार. ढगांची वेळ एकदाही चुकली नाही.

ही वाट म्हणजे भारत-नेपाळची हद्दच आहे. डोंगराच्या धारेवरून चालायचं. कधी वाट या देशात, कधी त्या. तुमलिंगला आम्ही राहिलो ते घर नेपाळात होतं. मध्ये कुंपण नाही, फक्त सिमेंटचे बुटके खांब. गवतात एका खांबाला बकरी बांधलेली होती. सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र पाहून नाव लिहून घेतात, म्हणून मूळ आधारकार्ड हाताशी ठेवा, सॅकच्या तळाशी नको. आणि मोबाइलवरची वेळ आपोआप बदलते ते बंद करून ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. जाऊबाईंच्या फोनने तिकडचं नेटवर्क पकडलं आणि पहाटेचा गजर पाव तास आधी वाजून सगळं घर जागं झालं.

मानेभंज्यांग ते संदकफू या टप्प्याचे मी पूर्ण गुण देणार नाही. गाडीरस्ता आहे, बराचसा सिमेंटचा, आणि त्यावरून जीपा सारख्या जातात. जुन्या लँडरोव्हर अजून दिसतात, त्या बघायला छान, पण मागे धूर गिळत चालायला नाही. दाइने जिथे जमेल तिथे आम्हाला रस्ता सोडून आडवाटेने नेलं. वळणावळणावर नूडल्सची रिकामी पाकिटं पडलेली. कालीपोखरीच्या त्या काळ्या पाण्याच्या तळ्याकाठीसुद्धा. तिथल्या लोकांसाठी ते तळं पवित्र आहे, काठावर प्रार्थनेच्या पताका लावलेल्या आहेत, आणि त्याच पताकांखाली चॉकलेटची वेष्टनं. मी आणि जाऊबाईंनी एक पिशवी भरली. दाइने ती खालपर्यंत नेली.

पण गुरांस! म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड; बुरांस म्हणून ज्यांनी उत्तराखंडात पाहिला असेल त्यांना माहीत असेल. कालीपोखरीच्या अलीकडे वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल, वर गेलं की गुलाबी, आणखी वर पांढरा. आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. इथे गर्द हिरव्या, जाड, फणसासारख्या पानांत फुलांचे मुठीएवढे गेंद. दाइने एक लाल पाकळी मला खायला दिली. आंबट, थोडी तुरट, कोकमाच्या सालीची आठवण यावी अशी. तो म्हणाला, माशाचा काटा घशात अडकला की आम्ही ही पाकळी चावून खातो. जाऊबाई कोकणातल्या, मासे खाणाऱ्या. त्यांनी खाली पडलेली चार फुलं रुमालात बांधून घेतली.

संदकफू 3636 मीटर, पश्चिम बंगालमधली सगळ्यात उंच जागा. जगातल्या पहिल्या पाच शिखरांपैकी चार इथून दिसतात: एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू. आम्हाला त्या पहाटे काहीही दिसलं नाही. नुसतं पांढरं. शेजारच्या खोलीतले लोक नाश्ता करून जीपने परत गेले. पॅकेज घेतलं असतं तर आम्हीही त्यांच्याबरोबर उतरलो असतो, काहीच न बघता.

दुसऱ्या दिवशी फालुट, 21 किलोमीटर. हा दिवस लांब आहे हे मान्य करते. जाऊबाईंचा गुडघा शेवटच्या तासाला बोलायला लागला. पण गाड्यांची वर्दळ जवळजवळ संपली होती. गवताळ उतार, वाळून पांढरी पडलेली फरची उभी खोडं, दूरवर याकांच्या गळ्यातल्या घंटा. फालुटला राहायची सोय बेताची आहे, रात्री थंडी हाडात शिरते, पाणी जपून वापरावं लागतं. पहाटे दाइने दार वाजवलं. टेकडीवर चढलो आणि समोर कांचनजंगा, 8586 मीटर, मध्ये काही नाही. कुंभकर्ण, कांचनजंगा आणि पांडिम ही शिखरं मिळून निजलेल्या बुद्धासारखी रेघ दिसते ती दाइने बोटाने आखून दाखवली, डोकं इथे, पोट तिथे. जाऊबाई खाली बसल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.

आणि मग गोरखे. फालुटपासून 15 किलोमीटर, सगळा उतार, जवळजवळ 1300 मीटर खाली. गुडघ्यांसाठी ही अवघड बाजू आहे, दोन काठ्या हव्यातच, पानांच्या ओल्या थरावरून पाय सटकतो. पण असं जंगल मी आंबोलीतही पाहिलं नाही. वर फर आणि गुरांस, मग ओकची शेवाळाने मढलेली झाडं, मग मालिंगोचा बारीक बांबू. रेड पांडा हाच बांबू खातो. आम्हाला तो दिसला नाही, पण दाइ एका ठिकाणी ओठांवर बोट ठेवून पाच मिनिटं थांबला आणि आम्हीही थांबलो. तासाभराने पाण्याचा आवाज आला. आधी बारीक, नंतर सतत.

धारेवरून चालताना दाइने सांगितलेलं तेव्हा कळलं. पश्चिम उतारावर पडलेला पाऊस नेपाळातून गंगेला जातो, पूर्वेचा रम्मम, रंगीत, तिस्ता या नद्यांतून ब्रह्मपुत्रेला. चार दिवस आम्ही ती वाटणी पायाखाली घेऊन चाललो होतो आणि आता त्यातल्या एका बाजूच्या पाण्याबरोबर खाली उतरत होतो.

गोरखे म्हणजे ओढ्याच्या काठी लाकडी घरं, मका आणि बटाट्याची शेतं, चहूबाजूंनी झाडी. ओढ्यापलीकडे सिक्कीम. आम्ही एक मुक्काम ठरवला होता, दोन केले. घरातल्या आमाने, म्हणजे आईने, आम्हाला चुलीपाशीच बसवलं. गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आमटी, भात, बटाट्याची भाजी, आणि डल्ले मिरचीचं लोणचं, ते मात्र नखाएवढंच घ्या. नंतर तिने लाकडी उभट भांडं आणलं, पितळी पट्ट्यांचं, त्यात आंबवलेले तांबूस दाणे, वरून कढत पाणी, आणि बांबूची नळी. तोंग्बा, तिकडचं आंबवलेलं पेय. जाऊबाईंनी दोन दाणे तळहातावर घेऊन दिव्याजवळ नेले. "अगं, ही आपली नाचणी!" नाचणीच होती. तिकडे तिला कोदो म्हणतात. मग पुढचा अर्धा तास भाकरी कशी थापायची हे जाऊबाईंनी हातवाऱ्यांनी आमाला दाखवलं. सकाळी आमाने कोदोचं पीठ पुढे ठेवलं आणि खरोखर दोन भाकऱ्या झाल्या. जरा जाड झाल्या, पण आमाने दोन्ही वाटून घरातल्या सगळ्यांना दिल्या.

पुढे समान्देन, रम्मम, श्रीखोला ही गावं. समान्देनची चढण छोटी, वर गेलं की अचानक सपाट शेतं. रम्ममनंतरची वाट सोपी, सावलीची. श्रीखोलाच्या झुलत्या पुलाखाली पाय पाण्यात सोडून बसा, जीपला उशीर झाला तरी चालेल.

घरगुती मुक्कामांचे माणशी साधारण दीड हजार पडले, दोन्ही वेळचं जेवण धरून. रोख न्या. उद्यान 16 जून ते 15 सप्टेंबर बंद असतं. फुलं हवीत तर एप्रिल, शिखरं हवीत तर दिवाळीनंतर. गाईडशी पहिल्याच बोलण्यात गोरखेचं नाव घ्या आणि तिथे दोन रात्री मागा. आम्ही दाइला नोव्हेंबरचे आठ दिवस आत्ताच सांगून ठेवलेत. जाऊबाई आमासाठी नाचणीचं बी नेणार आहेत, आपल्याकडचं.