डीपीएफ काढलेली, रीमॅप केलेली डिझेल गाडी: काही महिने चालवल्यावर

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने सगळं मोकळेपणाने सांगितलं होतं. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) डबा जागेवर आहे पण आतून पोकळ, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात वळवणारी यंत्रणा) सॉफ्टवेअरमधून बंद, आणि वर रीमॅप, म्हणजे ईसीयू या इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे (मॅप) बदललेले. इंजिन दोन लिटरचं टर्बो डिझेल. बरेच महिने ती तशीच चालवली. नंतर फिल्टर परत बसवला, ईजीआर चालू केला आणि मॅप सौम्य करून घेतला. एकाच इंजिनाची दोन्ही रूपं वापरून झाली आहेत. या विषयावर बहुतेक जण पहिल्या आठवड्याच्या खुशीतच लिहितात, म्हणून हा जरा उशिराचा अनुभव.

आधी चांगलं सांगतो. पिकअप जबरदस्त होता. चढावर गिअर खाली टाकायची गरज पडत नव्हती, ओव्हरटेक करताना पाय नुसता टेकवला की गाडी ओढायची. रीजनची, म्हणजे फिल्टरमध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळण्याची, कटकट नाही. ईजीआर बंद असल्याचा एक फायदाही खरा आहे: इनटेकमध्ये काजळी आणि ऑइलची वाफ मिसळून जो डांबरासारखा थर बसतो, तो वाढत नाही.

पण ही ओढ येते कुठून, ते फिल्टर परत बसवल्यावर कळलं. ताकद मॅपमधून येते. किती डिझेल मारायचं, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) किती, टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) किती, टॉर्कची मर्यादा कुठे, हे आकडे बदलले की गाडी बदलते. स्वच्छ फिल्टरचा अडथळा त्यामानाने थोडा असतो. फिल्टर नसला की टर्बो किंचित आधी जागा होतो, एवढाच फरक मला जाणवला. ‘फिल्टर काढला आणि गाडी उडायला लागली’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही कामं एकाच दिवशी करून घेतलेली असतात. मग श्रेय कुणाचं, हे ठरवणार कसं?

ॲव्हरेजचीही तीच गत. डॅशबोर्डवरचा आकडा सुखावणारा होता, पण टाकी फुल टू फुल करून हिशोब केला की तो उतरायचा. कारण साधं आहे. तो आकडा ईसीयू स्वतः किती डिझेल मारायला सांगतो त्यावरून काढतो. ट्यूनरने (रीमॅप करणाऱ्याने) इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळच परस्पर वाढवला असेल, तर ईसीयूला ते जास्तीचं डिझेल दिसतच नाही.

आता धूर. डिझेलच्या मॅपमध्ये स्मोक लिमिटर नावाची एक मर्यादा असते: जेवढी हवा आत आली, तेवढ्याला जळेल इतकंच डिझेल. माझ्या गाडीत ती सैल केलेली होती. पाय दाबला की आरशात काळा ढग, मागचा बंपर कायम काजळलेला, आणि संथ ट्रॅफिकमध्ये काच खाली असली की मागे बसलेल्यांना वास. शिवाय डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे एक्झॉस्ट जास्त तापणार, आणि तो ताप टर्बो सोसतो. धूर दिसत नसला तरी बारीक कण असतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर 2012 मध्ये थेट कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. ईजीआर बंद असला की ज्वलनाचं तापमान वाढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत. बऱ्याच देशांत अशी गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये 2014 पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे का ते पाहिलं जातं. पोकळ डबा ठेवण्यामागचं इंगित तेच.

मला सर्वात जास्त खटकलं ते मात्र वेगळंच. फिल्टर आणि ईजीआर काढल्यावर चेक इंजिन लाइट लागू नये म्हणून त्यांचे एरर कोड ईसीयूमधून बंद करतात. आमच्या ट्यूनरचा हात जरा सैल होता, बूस्ट कमी पडल्याचा कोडही त्यात गेला होता. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटला तेव्हा गाडी मंद झाली, धूर वाढला, पण दिवा लागला नाही आणि स्कॅनर म्हणे सगळं ठीक. गॅरेजवाल्याने हाताने चाचपून फट शोधली. गाडीची तक्रार करण्याची सोयच बंद करून ठेवली होती.

क्लचही एकदा घसरला. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर एकदम पाय दाबला की फ्लायव्हीलची थरथर जाणवते. टॉर्क वाढवणारे इंजिनाच्या मागची साखळी (क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स) विसरतात.

फिल्टर परत बसवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला: काढावा लागला इतका मूळचा फिल्टर तुंबला का होता? उत्तर थर्मोस्टॅटमध्ये (इंजिनाच्या कूलिंगचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) निघालं. तो उघडाच अडकलेला, इंजिन पुरेसं तापत नव्हतं, आणि तेवढा ताप नसला की ईसीयू रीजन सुरूच करत नाही. फिल्टरमधली काजळी साधारण 600 अंश सेल्सियसला जळते, त्यासाठी जास्तीचं डिझेल मारून एक्झॉस्ट तापवावा लागतो. ऑइलमधून येणारी राख मात्र जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून कमी राखेचं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घालायचं. गळके इंजेक्टर, टर्बोतून जाणारं ऑइल, सतत जवळच्या फेऱ्या, यांपैकी काहीही फिल्टर तुंबवू शकतं. तो काढून टाकला की मूळ दुखणं तसंच राहतं, फक्त आता त्याचा त्रास मागच्या गाडीवाल्याला.

सौम्य मॅपवर ओढ थोडी कमी झाली, पण रोजच्या चालवण्यात मला ती पुरून उरते. ईजीआरचा कूलर पाण्याला उष्णता देतो, त्यामुळे थंडीत हीटर लवकर तापतो, हा अनपेक्षित फायदा. रीजन चालू असताना आयडलिंग वाढतं, पंखा जोरात फिरतो, ॲव्हरेज तात्पुरतं पडतं. तेव्हा गाडी बंद न करता थोडं पुढे जाऊन येतो. रीजन वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते का तेही बघतो. ही कटकट आहेच, नाही म्हणणार नाही.

जुनी डिझेल घेणाऱ्यांनी इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवून बघा. चांगल्या फिल्टरची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळं झालं तर स्कॅनर लावून फिल्टरच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक बघा. एक्सलरेटर दाबल्यावरही तो आकडा हलत नसेल, तर डबा उघडून दाखवायला सांगा आणि मगच किमतीचं बोला.