जुनी रॉड ब्रेकची सायकल उन्हाळाभर चालवल्यानंतर: लोखंड टिकलं, रबर नाही

लगची (सांध्याच्या तुकड्यांत नळ्या जोडलेली) स्टील फ्रेम, २८ इंची चाकं, रॉड ब्रेक (केबलऐवजी सळयांनी ओढले जाणारे), कॉटरचा क्रँक (पाचरीसारख्या पिनेनं अडकवलेला पायडलचा दांडा) आणि एकच गिअर. अशी जुनी दांडीची सायकल पूर्ण खोलून, जुळवून, कडक उन्हाळाभर रोजच्या वापरात ठेवल्यानंतर हे लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो. लोक सगळ्यात जास्त वेळ रंग आणि क्रोमवर घालवतात, पण उन्हात सायकल कशी चालते याच्याशी त्या दोन्हींचा काडीचाही संबंध नाही. उन्हानं आधी रबर धरलं, मग चेनवरचं तेल, आणि मग चालवणाऱ्याचे पाय. फ्रेमला काही झालं नाही, होणारही नव्हतं.

रंग काढायच्या भानगडीत पडू नका. जुना भट्टीचा रंग पोपडे न धरता चिकटून बसला असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडानं मळ काढा, वर मेणाचं पॉलिश मारा, संपला विषय. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर सोनेरी रेघा आणि हेडट्यूबवरचं (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीवरचं) चित्र पहिल्याच फटक्यात जातं. रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते हेडट्यूबमागच्या दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघणं. तिथे रंगाला आडवी सुरकुती किंवा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. अशी फ्रेम सरळ करण्याच्या नादी न लागता सोडून द्यावी. मागचा भाग वाकलाय का हे बघायला एक दोरा पुरतो. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) निघून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत तो ताणून बांधा आणि सीटट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर चेन कधीच सरळ रेषेत बसणार नाही.

गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड उत्तम. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पुरतं. हँडल, क्रँक, मडगार्डचे स्टे (आधाराच्या सळया) असे सुटे भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवायचे, सकाळी पितळी ब्रशनं घासायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच पुसून तेल लावायचं. हे विषारी आहे, तेव्हा हातमोजे हवेतच. जास्त वेळ ठेवलं तर पिवळसर थर बसतो आणि तो काढणं मूळ गंज काढण्यापेक्षा कटकटीचं असतं. संडास धुवायचं ॲसिड मात्र आरे, चेन आणि सीटच्या स्प्रिंगांना लावू नका. गंज जातो, पण कडक पोलाद ठिसूळ होतं आणि काही दिवसांनी आरे एकेक करून तुटायला लागतात.

खोलताना काय अडतं

पहिली अडचण कॉटर पिन. नट पूर्ण काढून हातोडा मारला की आटे पसरतात आणि पिन तिथेच फुलून अडकते. नट पिनच्या टोकाच्या पातळीत येईपर्यंतच सैल करा, क्रँकखाली जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा आणि एकच सणसणीत घाव घाला. दहा हलके ठोके हा पिन खराब करण्याचा हमखास मार्ग. आधार नसेल तर घाव आतल्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जातो आणि ते ज्यात फिरतात त्या वाटीत खड्डे पडतात.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या. ९.५ आणि ९ मिलिमीटर अशा दोन्ही जाडीच्या मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या. दोन्ही एकाच दिशेनं घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, पायडल मारताना एक पाय लंगडल्यासारखा वाटतो. पिन हातोड्यानं आत बसवायची, नट फक्त ती धरून ठेवायला असतो. नट आवळून पिन ओढायला गेलं की आटेच जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा लागतो. नवी पिन मऊ असते, चेपून बसते. हे केलं नाही तर पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’ ऐकू येतो, आणि त्या आवाजासाठी लोक निष्कारण बीबीचे (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगचे) छर्रे बदलत बसतात.

आट्यांची दिशा लक्षात ठेवा. डावं पायडल उलट्या आट्याचं. इंग्लिश पद्धतीच्या बीबीत चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची, आणि ती शाबूत असेल तर काढायची गरजच नाही, आतच पुसून ग्रीस भरा. बहुतेकांचे आटे इंचाला २४ असतात, पण रॅले कंपनीच्या जुन्या सायकलींत २६ असायचे. त्यामुळे दुकानातली कुठलीही वाटी दामटून बसवू नका.

फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) काढायचं असेल तर चाक जोडलेलं असतानाच काढा. आरे आधी कापून टाकले की नुसत्या हबला पकड मिळत नाही आणि फ्रीव्हील जन्मात सुटत नाही.

छर्रे सरसकट नवे टाका, जुने धुऊन वापरण्यात काही वाचत नाही. पुढच्या हबला साधारण ३/१६ इंचाचे प्रत्येक बाजूला १०, मागच्या हबला १/४ इंचाचे ९, बीबीला १/४ इंचाचे ११. पण सायकलनुसार यात फरक असतो, म्हणून खोलताना मोजून ठेवा. वाटीत एक छर्रा बसेल इतकी जागा मोकळी राहिली पाहिजे. ठासून भरले तर ते एकमेकांना घासतात. कोनवर (आसावरच्या, छर्रे टेकतात त्या निमुळत्या नटावर) नखानं फिरवून बघा, खड्डा लागला की कोन बदला. चाक बसवून झालं की सायकल उचलून चाक अलगद सोडून द्या. व्हॉल्व्हच्या किंवा जोडाच्या वजनानं ते आपोआप मागेपुढे झुलत थांबलं, आणि रीम धरून हलवली तर खेळ लागला नाही, तर कोन बरोबर आवळलाय.

ग्रीस साधं लिथियमचं, २ नंबरचं. उन्हाळ्यात ते पातळ होऊन वाहतं अशी एक समजूत आहे. ते वितळायला १८० अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेव्हा उन्हात उभ्या सायकलच्या हबमधून जे गळताना दिसतं ते ग्रीस नसतं, वरून सोडलेलं तेल असतं. जुन्या हबला मधोमध तेल सोडायचं भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. एकदा ग्रीस भरलं की त्यात तेल सोडू नका, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. पट्टी हरवली असेल तर भोक बंद करा, नाहीतर उन्हाळ्यातली धूळ थेट छर्ऱ्यांत जाते.

रबर: इथे काटकसर नको

टायर घेताना नुसतं ‘२८’ बघून घेऊ नका. २८ × १ १/२ चा टायर ६३५ मिलिमीटरच्या रीमवर बसतो, तर २८ × १ ५/८ लिहिलेला ६२२ च्या. दोन्हींवर २८ छापलेलं असतं आणि फरक १३ मिलिमीटरचा. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४०-६३५ असं लिहिलेलं असतं, तेवढंच खरं धरा.

जुन्या टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून तो ठेवण्याचा मोह होतो. हवा काढून टायरची बाजू बोटांत चिमटून दुमडा. जाळीदार भेगा उघडल्या, आत धागे दिसले, तर तो टायर उन्हात जाणारच. ‘उन्हानं हवा फुगून टायर फुटतो’ हे अर्धसत्य आहे. २५ अंशांना ५० पीएसआय भरलेला टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तरी दाब ५७-५८ च्या पुढे जात नाही. धड टायरला एवढं काहीच नाही. फुटतो तो बाजूनं कुजलेला, किंवा कड रीममध्ये नीट न बसलेला, किंवा ट्यूब कडेखाली चिमटलेला. म्हणून उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला मला पटत नाही. कमी हवेत टायर चेपतो, बाजू जास्त वाकते, खड्ड्यात ट्यूब रीमवर आपटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. मागे ५०-५५ आणि पुढे ४५ च्या आसपास ठेवलेली हवा पूर्ण उन्हाळा बिनतक्रार चालली. अर्थात टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

खरा त्रास दिला तो पंक्चरच्या ठिगळांनी. सोल्यूशन ओलं असतानाच ठिगळ चिकटवलं तर सकाळी नीट वाटतं, दुपारी सायकल उन्हात उभी राहिली की कडेनं उचलतं आणि हवा हळूहळू जाते. ट्यूब खरवडून, सोल्यूशनचा पातळ थर देऊन, पाच मिनिटं किंवा हात लावला तर चिकटणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. तिसरं ठिगळ लावायची वेळ आली की उन्हाळ्यात ट्यूबच बदललेली बरी.

हवा जाते पण पंक्चर सापडत नाही, अशी तक्रार असेल तर जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी बघा. उन्हानं ती चिकट होते किंवा टोकाला चिरते. थुंकी लावून बुडबुडा आला की कळतं. दोन-तीन इंच नळी कायम सोबत ठेवावी. तीच गोष्ट रीमपट्टीची. जुनी रबरी पट्टी तडकून सरकते आणि निपलमधून (आरा रीमला धरणाऱ्या छोट्या नटातून) वर आलेली आऱ्यांची टोकं आतून ट्यूब टोचतात. चाकाचा आऊट (डुलणं) काढल्यावर वर आलेलं प्रत्येक टोक कानशीनं घासून मग कापडी पट्टी लावा.

आऊट काढताना एक फरक. रॉड ब्रेकची गुटकी (रबरी ठोकळा) रीमच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबकडच्या बाजूला घासते. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं डुललं तरी चालतं, पण वर-खाली उडी एक मिलिमीटरच्या आत हवी. नाहीतर ब्रेक लावला की धक्के बसतात. गुटक्यासुद्धा रबरच. जुन्या कडक होऊन काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात, त्या खरवडण्यापेक्षा बदला. रीमपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा.

गिअरचं गणित

उन्हाळ्यात सगळ्यात मोठा फरक ज्या एका बदलानं पडला तो म्हणजे मागचं फ्रीव्हील. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे २१.५ किलोमीटर पडतो. हा वेग थंडीत मजेचा, भर उन्हात जीवघेणा. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील टाकलं की त्याच फेऱ्यांवर १७.६ होतो. वेग एवढासाच उतरतो, पण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात बदलत असल्यानं ती जवळपास ४५ टक्क्यांनी घटते. चढावर उभं राहून पायडल मारणंही बहुतेक संपतं. माणसाचं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी वीस-पंचवीस टक्केच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. ७५ वॉट पायडलवर गेले तर सव्वादोनशे ते तीनशे वॉट अंगात साठत असतात. म्हणून वीस किलोंच्या सायकलवर दाते वाढवणं हा चैनीचा बदल नाही.

चार दाते वाढले की चेनमध्ये दोन कड्या वाढवाव्या लागतात किंवा चाक साधारण १३ मिलिमीटर पुढे येतं. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर २० च्या वर जाण्याआधी आत जागा मोजा. आणि मागचं चाक सरकलं की ब्रेकही बिघडतो, हे कुणी आधी सांगत नाही. चेन ताणायला चाक मागे ओढलं तर रीम गुटकीकडे येते आणि ब्रेक घासायला लागतो. चाक पुढे आलं तर अंतर वाढून लिव्हर हँडलला टेकते. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी चेन, मग चाक मधोमध, शेवटी ब्रेकच्या सळया.

चेन तपासायला बारा इंच मोजा. कड्यांच्या पिनांमधलं तेच अंतर १२ १/१६ भरलं तर चेन बदला, १२ १/८ भरलं तर फ्रीव्हीलही गेलं म्हणून समजा. खालच्या बाजूला मधोमध सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर झोल हवा, आणि तो चेन सगळ्यात घट्ट होते त्या जागी मोजायचा, कारण जुनं पुढचं चक्र सहसा पूर्ण गोल नसतं. चेनच्या लॉकची (जोडकडीच्या क्लिपची) बंद बाजू चेन धावते त्या दिशेला. कोरड्या धुळीत जाड तेल म्हणजे सँडपेपर. पातळ तेलाचा प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून घ्यायचं. बाहेरून चेन ओली दिसली तर तेल जास्त झालंय.

सीट चामड्याची असेल तर उन्हात उघडी ठेवू नका. आतून, खालच्या बाजूनं मेण लावा. तेलात भिजवली तर ती झोळीसारखी खाली बसते आणि मग पुढचा नट कितीही आवळला तरी वर येत नाही. आवळायचाच असेल तर एका वेळी पाव फेरा.

चालवणाऱ्याबद्दल थोडक्यात. हवा ३५ अंशांच्या वर गेली की अंगावर येणारा वारा थंडावा देत नाही, घाम वाळतो तेवढाच आधार. म्हणून सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचं सुती आणि मानेवर ओलं फडकं. तासभर चालवायचं असेल तर अर्धा ते एक लिटर पाणी, त्याहून जास्त वेळ असेल तर नुसतं पाणी नको, मीठ-साखर हवीच. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर अंतर निम्मं ठेवा. चढ संपल्यावर थांबायचं तर सावलीत, कारण थांबल्याक्षणी वारा जातो आणि उष्णता तशीच राहते. घाम येणं बंद झालं, अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं की सायकल तिथेच टाकून सावली आणि पाणी. अशा वेळी ‘घर जवळच आहे’ हा हिशोब करू नये.

ही सायकल आता पावसात जाणार असेल तर एक गोष्ट आत्ताच ठरवा. क्रोमच्या स्टील रीमवर ओल्यात रबरी गुटकी जवळजवळ लागतच नाही. कोरड्या उन्हाळ्यात या ब्रेकबद्दल एकही तक्रार आली नाही, म्हणून पहिल्या सरीत त्याच अंतरावरून ब्रेक लावायला जाऊ नका. वेग आधीच निम्मा करा, थोडं आधीपासून हलका ब्रेक धरून रीम पुसून घ्या, आणि उतारावर सरळ उतरून चाला.